अर्धा वेळ कोणाचा?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

धंतोलीत आज कोणी पत्ता विचारला, तर तो बहुधा रुग्णालयाचा असतो. गल्लीगल्लीत दवाखाने, औषधांची दुकाने आणि गाडी कुठे लावावी या विवंचनेत उभे असलेले नातेवाईक, असे या वस्तीचे आजचे रूप आहे. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रविवारी सकाळी याच रस्त्यांवर वेगळीच माणसे दिसत. लुना किंवा सायकल, हँडलला कापडी पिशवी, पिशवीत जाड वही आणि प्लास्टिकच्या डबीत दोन फ्लॉपी. वय तिशी-पस्तिशीचे, क्वचित चाळिशीचेही. कोणी बँकेतला कारकून, कोणी रेल्वेतला, कोणी वीज मंडळातला, कोणी शाळेत शिकवणारी. आठवडाभर नोकरी करून उरलेल्या वेळात ही मंडळी संगणकाची पदवी घेत होती. मीही त्यांतलाच एक.

तेव्हा आम्हाला वाटे, हे सगळे त्या यंत्राने घडवले. संगणक आला, म्हणून आम्ही पुन्हा विद्यार्थी झालो. आज मागे वळून पाहताना हिशेब निराळा दिसतो. यंत्र नवे होते हे खरे. पण कष्ट करणाऱ्या माणसाने कामाबाहेरच्या वेळात शिकावे आणि त्याच्यासाठी शाळेने आपली घंटा बदलावी, हा विचार महाराष्ट्रात फार जुना आहे.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवसा शाळेत येऊ शकत नाही, ही साधी गोष्ट. पण ती ओळखून शाळेची वेळ बदलणारा माणूस विरळा. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजवली. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले. कारण गरीब घरातला मुलगा नोकरी सोडून शिकू शकणार नव्हता. म्हणजे, नोकरी करून शिकणारा हा कोणी कमी प्रतीचा विद्यार्थी नव्हे, त्याची अडचण वेळेची आहे, बुद्धीची नाही, हे आपल्याकडे संगणकाचे नावही ऐकू येण्याआधी ठरले होते.

नागपूरला तर ही गोष्ट विशेष लागू पडते. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होते. राजधानी गेली, तरी शहराची कचेऱ्यांची ओळख गेली नाही. रिझर्व्ह बँक, महालेखापालांचे कार्यालय, भारतीय खाण ब्यूरो, रेल्वेची विभागीय कार्यालये, पुढे वेस्टर्न कोलफिल्ड्स. दहाला खुर्चीवर आणि साडेपाचला घराकडे, अशी दिनचर्या असलेली हजारो घरे या शहरात होती. या घरांना नोकरीतली परीक्षा नवी नव्हती. बँकवाल्यांना तर सीएआयआयबीची परीक्षा ठाऊकच होती. १९२८ साली स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स ती घेत असे. रात्री जेवण झाल्यावर कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात बँकिंग कायद्याचे कलम घोकणारा बाप आमच्या पिढीने पाहिला होता.

मग संगणकाची पदवी निराळी कशी? ती निराळी होती, कारण तिच्यामागे भीती होती.

साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने कोलकात्याच्या कार्यालयात संगणक बसवायचे ठरवले, तेव्हा तो आत येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इमारतीभोवती पहारा दिला. १९६९ साली केंद्र सरकारने स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ साली आला. बेकारीने गांजलेल्या देशात माणसाचे काम यंत्राला द्यावे का, हा प्रश्न त्या काळी पोकळ नव्हता. बँकांत १९८३ साली कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात पहिला करार झाला आणि मोजक्या यंत्रांना दार उघडले. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीने शाखांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. खतावणीची नोंद करणारे ‘एएलपीएम’ नावाचे यंत्र शाखेत आले. त्यावर बसणाऱ्याला विशेष भत्ता मिळे, त्यामुळे विरोधाच्या सुरात थोडी चुळबूळही मिसळली. १९९३ साली आणखी मोठा करार झाला. १९९८ साली केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी तर फर्मान काढले, की १ जानेवारी २००१ पर्यंत सरकारी बँकांचा ७० टक्के व्यवसाय संगणकावर आला पाहिजे.

त्यापाठोपाठ २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. देशभरातल्या सरकारी बँकांतून एक लाखाहून अधिक माणसे तिच्यातून बाहेर पडली. आमच्या शाखेतले एक ज्येष्ठ सहकारी त्यांत होते. त्यांचे अक्षर असे, की ग्राहक पासबुक उघडून पाहत राहत. लेजरची बेरीज ते बोट न फिरवता करत. एक दिवस ते मला म्हणाले, “बाबू, माझं अक्षर आता कोणाला वाचायचं नाही.” त्यांनी अर्ज दिला. निरोपाच्या दिवशी त्यांनी आपले शाईचे पेन माझ्या टेबलावर ठेवले. तो प्रसंग मी विसरलो नाही. संगणकाचा अभ्यास हा आमच्यासाठी छंद नव्हता. आपण निकामी ठरू नये, याची ती धडपड होती.

धडपडायला जागा कुठून मिळाली? ती मुक्त विद्यापीठांनी दिली. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ पासून तिथे घरबसल्या शिकणारे विद्यार्थी पदवीचा अभ्यास करू लागले. आपल्याकडे १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, स्थापन झाले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. १९९० साली ‘डोएक’ची योजना आली. तिच्या ओ, ए, बी आणि सी अशा चार पायऱ्या होत्या. खासगी संस्थेत शिका, परीक्षा मात्र सरकारी, अशी ती रीत. तिसरी पायरी एमसीएच्या तोडीची मानली जाई. २०११ पासून ही संस्था ‘नाइलिट’ या नावाने ओळखली जाते. आणि ज्या माध्यमातून मी हे बोलतो आहे, त्याचाही यात वाटा आहे. २००० साली ‘ज्ञानदर्शन’ ही दूरचित्रवाहिनी आणि पुढच्या वर्षी ‘ज्ञानवाणी’ ही एफएम नभोवाणी सुरू झाली.

मी १९९७ साली मुक्त विद्यापीठाच्या एमसीएला नाव घातले. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. पण सहा वर्षांत केव्हाही पुरा करा, अशी सवलत. ही सवलतच नोकरदाराचा खरा आधार. टपालाने पुस्तके येत. मार्गदर्शनाचे तास शनिवार-रविवारी. प्रत्यक्षिकांना हजेरी सक्तीची. घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटना चौथा हिस्सा गुण, आणि वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, परीक्षा. मी वाणिज्य शाखेचा. त्यामुळे आधी गणिताचा जादा अभ्यास करावा लागला. बारावीनंतर सोडलेले गणित पस्तिसाव्या वर्षी पुन्हा हातात घेणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल.

घरात संगणक नव्हता. तो घेण्याची ऐपतही नव्हती. धंतोलीतल्या एका क्लासमध्ये ताशी पैसे भरून बसायला मिळे. म्हणून प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा. ओळीओळीने कागदावर चालवून पाहायचा, प्रत्येक टप्प्यावर कोणत्या चलाची किंमत किती झाली ते समासात मांडायचे, आणि मगच यंत्रापुढे जायचे. बँकेत जेवणाच्या सुट्टीत मी हे करत असे. गंमत अशी, की इथे कारकुनी कामी आली. संध्याकाळी रोकड जुळत नसेल, तर चूक कुठे झाली ते शोधण्याची आम्हाला सवय होती. नऊने भाग जाणारा फरक आला, की आकडे उलटसुलट पडले असणार, हे आम्ही डोळे मिटून सांगत असू. प्रोग्रॅममधली चूक शोधणे याहून वेगळे नव्हते. वर्गातल्या विशीतल्या मुलांची बोटे भराभर चालत. पण चूक सापडेपर्यंत जागेवरून न उठण्याची चिकाटी आमच्यात जास्त होती.

धंतोलीतला रामकृष्ण मठ १९२८ पासूनचा. तिथल्या ग्रंथालयातली शांतता मला फार उपयोगी पडली. जूनच्या परीक्षेचा अभ्यास मात्र गच्चीवर. नागपूरचा मे महिना, त्यात भारनियमन. कूलर बंद पडला, की सगळे घर गच्चीवर येई. मुलगी चटईवर झोपलेली, आणि मी कंदिलाशी ‘डेटा स्ट्रक्चर’चे पुस्तक धरून बसलेलो. वडिलांचा कंदील असा माझ्याकडे आला.

इथवर सांगितले, की ऐकणाऱ्याला वाटते, याने मोठी जिद्द दाखवली. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

१९९७ साली आमच्या घरात दोन अर्ज आले होते. पत्नीही नोकरी करत होती, सरकारी कचेरीत. पदवीला तिचे गुण माझ्याहून जास्त होते आणि गणित तर माझ्यापेक्षा कितीतरी पक्के. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. दोघेही रविवारी बाहेर राहिलो, तर तिच्याजवळ कोण, असा प्रश्न निघाला. तो कसा सुटला, हे आठवत नाही. कारण तो कोणी सोडवलाच नाही. एक अर्ज भरला गेला आणि दुसरा कपाटात राहिला. कोणी कोणाला नाही म्हटले नाही. मी पाच वर्षांत पदवी घेतली. त्या पाच वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक रविवारी डबा भरलेला असे, कपडे इस्त्री केलेले असत, मुलगी ताप आला तरी माझ्या परीक्षेच्या दिवशी माझ्यापासून लांब ठेवली जाई. प्रमाणपत्रावर नाव माझे एकट्याचे आहे.

पुढे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम घरोघरी पोचला. सरकारी कर्मचाऱ्यांना तो करणे भाग पडले. पत्नीने तो केला. पहिल्या दिवशी ती घरी आली आणि म्हणाली, “एवढंच होतं होय?” त्या तीन शब्दांत काय काय होते, ते मला पुरते कळायला आणखी काही वर्षे लागली.

अशा पदव्यांना समाजाने काय भाव दिला, हाही इतिहासाचा भाग आहे. मुलाखतीत ‘रेग्युलर का पत्राने?’ हा प्रश्न अनेकांनी झेलला आहे. काही शंका निराधार नव्हत्या. काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरीवाचून पत्राद्वारे अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या, म्हणून ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कडक निकाल दिला. २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षेची संधी मिळाली; त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द झाल्या. तो खटला आमच्या एमसीएचा नव्हता, तरी ती बातमी वाचताना पोटात गोळा आला. संस्थांनी नियम मोडला आणि रात्री जागलेल्या माणसाचे वर्ष बुडाले. उलट बाजूने, सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केले, की मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्याच मानल्या जाव्यात. जोतीरावांच्या रात्रशाळेपासून चाललेला वाद कागदावर तरी मिटला.

आता तर २०२० पासून आयआयटी मद्रासनेही प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सचा अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू केला आहे. नोकरी सांभाळून तो करता येतो. पुस्तकांसाठी टपालाची वाट पाहावी लागत नाही, ताशी पैसे भरून संगणकापुढे बसावे लागत नाही. अडचण मात्र तीच उरली आहे, वेळेची.

म्हणून आज जे कोणी नोकरी करून असा अभ्यास करत असतील, त्यांना मी उपदेश करणार नाही. एकच गोष्ट विचारीन. याला आपण अर्धवेळ शिक्षण म्हणतो. तो उरलेला अर्धा वेळ आकाशातून पडत नाही. तो घरातल्या कोणाच्या तरी दिवसातून काढलेला असतो. तो कोणाचा, हे प्रवेशाच्या दिवशीच एकमेकांना विचारा. आणि दोन अर्ज आले असतील, तर दोन्ही भरता येतील का, ते पाहा. वर्षे दोन जास्त लागतील. सहा वर्षांची सवलत त्यासाठीच तर असते.

तो न भरलेला अर्ज अजून आमच्या कपाटात आहे. कागद पिवळा पडला आहे. नावाच्या रकान्यात तिने तेव्हा पेन्सिलीने नाव लिहिले होते, शाईने गिरवायचे राहून गेले.