बारा व्होल्टचा टीव्ही

१९५९ साली अमेरिकेत फिल्को कंपनीने ‘सफारी’ नावाचा टीव्ही बाजारात आणला. आत जेमतेम दोन इंचांची पिक्चर ट्यूब. तिच्यावरचं चित्र भिंगातून मोठं करून दाखवलेलं. वजन साधारण सात किलो. पण या टीव्हीला भिंतीतला प्लग लागत नव्हता. त्यात व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर होते आणि तो स्वतःच्या बॅटरीवर चालायचा. चाकांवरच्या घरात, म्हणजे कॅरव्हॅन आणि मोटरहोममध्ये, कोणता टीव्ही घ्यावा या प्रश्नाला खरा अर्थ इथून आला. तिथे पडद्याची लांबी-रुंदी नंतर बघायची. आधी बघायचं ते बॅटरीकडे.

त्याआधी निवडीला वावच नव्हता. व्हॉल्व्हचा टीव्ही सहज दीड-दोनशे वॅट वीज खायचा. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक अमेरिकन मोटारींची बॅटरी सहा व्होल्टची होती; १९५५-५६च्या सुमारास बारा व्होल्टचा प्रघात पडला. वॉली बायम यांच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या एअरस्ट्रीम कॅरव्हॅनमधून लोक दूरदूर भटकत होते. टीव्ही मात्र मुक्कामाच्या जागी विजेचं कनेक्शन मिळालं तरच लागायचा.

मे १९६०मध्ये सोनीने जपानमध्ये आठ इंची ‘टीव्ही ८-३०१’ आणला. त्यात भिंग नव्हतं, चित्र थेट ट्यूबवर दिसायचं. तो महाग होता आणि सारखा बिघडायचा. दोन वर्षांनी आलेला पाच इंची ‘मायक्रो टीव्ही’ मात्र चालला. तो घरच्या विजेवर चालायचा आणि मोटारीच्या बारा व्होल्टवरही. १९६२च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर सोनीचं दालन उघडलं, तेव्हा हाच टीव्ही तिथलं मोठं आकर्षण होता. आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत जॉन हॅन्सन यांच्या विनेबेगो कंपनीने १९६६मध्ये मोटरहोम बनवायला घेतले आणि ही गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. पुढे गाडीत दोन बॅटऱ्या ठेवायची पद्धत रुळली. एक इंजिनासाठी आणि दुसरी दिवे, पाण्याचा पंप, टीव्ही अशा घरच्या वापरासाठी. रात्रभर टीव्ही पाहिला तरी सकाळी गाडी सुरू झालीच पाहिजे, हा त्यामागचा साधा हिशेब.

बारा व्होल्टच्या टीव्हीची ओळख आपल्याकडेही आहे. १९८७मध्ये रामायण मालिका सुरू झाली तेव्हा वीज नसलेल्या किंवा ऐन वेळी जाणाऱ्या गावांत ट्रॅक्टरची बॅटरी काढून छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लावला जायचा. गरज वेगळी, पण सोय तीच.

रंग आले आणि एक विचित्र अडचण पुढे आली. रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचे तीन झोत असतात. ते एका जाळीतून जाऊन लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांवर नेमके पडावे लागतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र या झोतांना किंचित ढकलतं. घरातला टीव्ही वर्षानुवर्षं एकाच दिशेला तोंड करून असतो, त्यामुळे एकदा जुळणी केली की भागतं. मोटरहोम मात्र आज उत्तरेकडे तोंड करून उभा, तर उद्या पूर्वेकडे. दिशा बदलली की पडद्याच्या कोपऱ्यात जांभळट, हिरवट डाग उमटायचे. ते घालवण्यासाठी टीव्हीत एक तारेचं वेटोळं असायचं. टीव्ही सुरू करताना त्यातून वीज खेळवून ट्यूबभोवतीच्या लोखंडाचं चुंबकत्व पुसलं जायचं. त्यातच मोठ्या ट्यूबचं वजन तीस-चाळीस किलोंवर जायचं. नव्वदच्या दशकातल्या कित्येक मोटरहोममध्ये हे धूड ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कपाटात बसवलेलं असे. खड्ड्यातून जाताना त्या कपाटाचे स्क्रू किती घट्ट आहेत, याची काळजी पुढे बसलेल्यांना करावी लागे.

टीव्ही घेतला तरी चित्र पकडायचं कसं? त्यासाठी छतावर वटवाघळाच्या पंखांसारखा पसरट अँटेना आला. आयोवातल्याच बर्लिंग्टनच्या विनेगार्ड कंपनीचा अँटेना इतका पसरला की छतावर तो नसलेली गाडी विरळाच. त्याचं हँडल आत, छताला. ते फिरवलं की वर आडवा पडलेला अँटेना उभा राहतो. मग हँडलभोवतीची चकती खाली ओढून तो हळूहळू गोल फिरवायचा आणि पडद्यावरच्या मुंग्या कमी होतात का ते दुसऱ्याने सांगायचं. भिंतीवरच्या बटणाचा बारीक दिवा लागला म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला बारा व्होल्ट मिळाले. निघताना अँटेना खाली घ्यायचा राहिला की पहिल्याच झाडाच्या फांदीत तो मोडतो. म्हणून अनेक जण गाडीच्या किल्लीला किंवा स्टिअरिंगला आठवणीची चिठ्ठी बांधतात.

१९९४मध्ये डायरेक्टटीव्ही या उपग्रह टीव्ही सेवेची जेमतेम ४५ सेंटिमीटरची डिश आली आणि तीही तिपाईवर बसून कॅम्पवर पोहोचली. तिला दक्षिणेचं आकाश मोकळं लागे. झाडाची सावली हवी की चॅनेल, हे जागा निवडतानाच ठरवावं लागे. कायद्याची अडचण निराळी होती. मोठ्या नेटवर्कचे कार्यक्रम प्रेक्षकाच्या घरच्या पत्त्याशी बांधलेले होते, आणि यांचं घर तर रोज हलणारं. १९९९च्या उपग्रह प्रसारण कायद्यात अमेरिकी संसदेने आरव्हीधारकांसाठी, म्हणजे अशी चाकांवरची घरं बाळगणाऱ्यांसाठी, आणि मालट्रकसाठी खास सवलत लिहिली.

१२ जून २००९ला अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी ॲनालॉग प्रसारण बंद केलं. एका दिवसात लाखो छोटे बॅटरीवाले टीव्ही नुसत्या मुंग्या दाखवू लागले. जुन्या टीव्हीवर डिजिटल प्रसारण दाखवणाऱ्या कन्व्हर्टरसाठी सरकारने ४० डॉलरची कुपनं दिली होती, पण गाडीवाल्यांना आणखी एक गोष्ट सोसावी लागली. नव्या डिजिटल पद्धतीची आखणी एका जागी ठेवलेल्या टीव्हीसाठी होती. पूर्वी चालत्या गाडीत चित्र थरथरत का होईना दिसायचं. आता ते एकदम थिजायचं किंवा गायब व्हायचं.

तोवर सपाट एलसीडी पडद्यांनी वजनाचा प्रश्न जवळजवळ संपवला होता. आज चोवीस इंची एलईडी टीव्ही साधारण पंचवीस-तीस वॅटवर चालतो. तरीही दुकानातला घरगुती टीव्ही आणि गाडीसाठी बनवलेला टीव्ही यांत फरक आहे. बारा व्होल्टची म्हणवणारी बॅटरी चार्ज होताना चौदाच्या वर जाते आणि उतरत आली की बाराच्याही खाली. हा चढउतार सोसणारे, हादऱ्यांना टिकणारे आणि ओलाव्यापासून सर्किट जपण्यासाठी वरून लेप दिलेले टीव्ही खास गाड्यांसाठी विकले जातात. आरव्ही उद्योगाची राजधानी म्हणवणाऱ्या इंडियानातल्या एल्खार्टमध्ये एएसए इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी जेन्सन नावाने असेच टीव्ही विकते. घरगुती टीव्ही इन्व्हर्टरवर चालवता येतो, पण बॅटरीतल्या विजेचा काही भाग इन्व्हर्टरच गिळतो.

मे २०२२मध्ये आरव्हीसाठीची स्टारलिंक ही उपग्रह इंटरनेट सेवा सुरू झाली आणि रानातही इंटरनेटवरून मालिका पाहता येऊ लागल्या. तिची डिश सरासरी पन्नास ते पंच्याहत्तर वॅट घेते, म्हणजे टीव्हीच्या दुप्पट. शंभर अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीतून निम्मी, म्हणजे सहाशे वॅट-तास वीज काढणं सुरक्षित मानतात. टीव्ही एकटा असेल तर ती वीस तास पुरते. डिशही जोडली की जेमतेम सहा-सात तास. त्यामुळे टीव्ही निवडायला बसलेला गाडीमालक आता त्याच्यासोबत डिशचे वॅटही मोजतो आणि मग छतावर आणखी किती सोलर पॅनेल मावतील ते पाहतो.