बालकाचा देह आणि राजदंड

जव्हारच्या डोंगराळ मुलखात साखरशेत नावाचे गाव आहे. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी ह्यांच्या वस्तीचा हा प्रदेश. उतारावर नाचणी-वरईची शेते, आणि पावसाळा सरला की मजुरीसाठी खाली भिवंडी-वसईकडे उतरणारी कुटुंबे. १९४८ सालापर्यंत येथे मुकणे घराण्याचे राज्य होते. पुढे ठाणे जिल्हा आला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर. राज्ये गेली, जिल्हे बदलले. परंतु मूल जन्मले म्हणजे दाराबाहेर ताटकळलेली माणसे जो पहिला प्रश्न विचारतात, तो येथेही तोच आणि पुण्या-मुंबईच्या सूतिकागृहातही तोच: मुलगा की मुलगी? बहुधा सुईण किंवा परिचारिका एका शब्दात उत्तर देऊन मोकळी होते. क्वचित मात्र तिचा शब्द ओठांतच अडतो. अर्भकाचे अवयव असे असतात की, पाहणारास निश्चयाने काहीच सांगता येत नाही. अशा मुलास आता आपण आंतरलिंगी म्हणतो.

ह्या मुलाच्या देहावर अधिकार कोणाचा? आईबापांचा, शल्यवैद्याचा की सरकारचा? ह्याच प्रश्नाचे दुसरे रूप थोड्या मोठ्या मुलांच्या बाबतीत दिसते. जन्मतः ज्यांच्या अवयवांत काही संदिग्ध नसते, परंतु वयात येताना ज्यांस आपला देह परका वाटू लागतो, अशी ही मुले. त्यांच्यावर औषधोपचार करणाऱ्या डॉक्टरास तुरुंगात घालावे, असे कायदे अमेरिकेतील काही संस्थानांनी अलीकडे केले आहेत, आणि त्यांची चर्चा आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे वाचकांनी आरंभीच लक्षात ठेवावे. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच कोडे आहे: मुलाच्या देहाचे रक्षण राजदंडाने कितपत करावे? आपल्या देशास हे कोडे नवे नाही. दीडशेहून अधिक वर्षे आपण ते सोडवीत आहो, आणि त्यात आपण केलेल्या चुकाही बोधप्रद आहेत.

प्रथम भारतीय दंडसंहिता पाहू. मेकॉलेच्या नेतृत्वाखाली १८३७ साली तिचा मसुदा झाला, १८६० साली ती संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या ३२० व्या कलमात 'जबर दुखापत' कशास म्हणावे ह्याची आठ प्रकारांची यादी आहे. त्या यादीत पहिलेच नाव पुंस्त्वनाशाचे आहे. डोळा, कान आणि हाडे ह्यांचा क्रम मागून लागतो. १ जुलै २०२४ पासून ह्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी तिच्या ११६ व्या कलमात हा क्रम तसाच राहिला आहे.

त्याहून विचार करण्याजोगे आहे ते जुन्या संहितेचे ८९ वे कलम. बारा वर्षांच्या आतील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावाने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही, असे ते सांगते. आणि तेथेच पालकाच्या अधिकारास कुंपणही घालते. मृत्यू किंवा जबर दुखापत टाळणे, अथवा एखादा भारी रोग किंवा व्यंग बरे करणे, एवढेच हेतू त्याने मान्य केले आहेत. ह्यांवाचून अन्य कारणासाठी मुलास जबर दुखापत केली, तर बापाची संमती ढाल म्हणून पुढे करता येत नाही. कायदेकारांनी सोबत दृष्टांत दिला आहे तो मुतखड्याचा: मुलाच्या हितासाठी बाप शल्यवैद्याकडून त्याचा खडा काढवितो, शस्त्रक्रियेत मूल दगावण्याचा संभव त्यास ठाऊक असतो, तरीही तो गुन्हेगार नव्हे. खड्याविषयी कोणास शंका नाही. परंतु जे शरीर दुखत नाही, ज्याचे चलनवलन अडलेले नाही, केवळ पाहणारास चमत्कारिक दिसते, त्यास व्यंग म्हणावयाचे काय? आजचा निम्मा वाद ह्या एका शब्दात साठलेला आहे.

दंडसंहिता पुरेशी नाही असे इंग्रज अधिकाऱ्यांस लौकरच वाटू लागले. १८५२ साली मैनपुरी जिल्ह्यात भूरा नावाच्या हिजड्याचा खून झाला. त्या खटल्यापासून वायव्य प्रांतातील अधिकाऱ्यांचे लक्ष ह्या समाजाकडे वळले, आणि हे लोक मुले पळवितात व त्यांचा पुंस्त्वनाश करतात, अशी त्यांची दृढ समजूत झाली. तिचे फळ म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. त्याच्या पहिल्या भागाने जन्मावरून माणसांस गुन्हेगार ठरविले, हे आपणांस ठाऊक असते. दुसऱ्या भागाचा मात्र विसर पडतो. वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब ह्या प्रांतांत त्याने संशयित हिजड्यांची नोंदवही सुरू केली. नोंद झालेल्याच्या घरी सोळा वर्षांच्या आतील मुलगा आढळला, तर दोन वर्षांपर्यंत कैद. स्त्रीवेषात चारचौघांत दिसले किंवा नाचले तरी तीच शिक्षा. त्यास दत्तक घेता येईना, मृत्युपत्र करता येईना, कोणाचे पालकत्व पत्करता येईना.

जेसिका हिंची ह्या विदुषीने त्या काळची सरकारी दप्तरे धुंडाळून २०१९ साली ह्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावरून दिसते की, अशा घरांत सापडलेली मुले सारीच पळवून आणलेली नव्हती. दुष्काळात पोरकी झालेली, पोटासाठी विकली गेलेली मुलेही त्यांत होती. कायद्याने त्यांस त्या घरांतून बाहेर काढण्याची तरतूद केली. त्यांना काय हवे हे विचारण्याची तरतूद मात्र त्यात नव्हती. मुलाच्या नावाने केलेल्या ह्या कायद्याचा खरा रोख मोठ्या माणसांच्या एका समाजावर होता.

हा भाग मुंबई इलाख्यास लागू नव्हता. आपल्याकडे पेशवाईत हिजड्यांचा भिक्षेचा परंपरागत हक्क दरबाराने मानलेला होता आणि काहींस जमिनीही होत्या. इंग्रजी अमदानीत त्या हक्कांस उतरती कळा लागली. परंतु मराठी मुलुखाचा एक मोठा तुकडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि हैदराबाद सरकारने १३२९ फसलीत, म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, उत्तरेतील नमुन्यावर असाच एक कायदा केला. नोंदवही तीच, वेषावरील बंदी तीच, मूल घरी ठेवण्याचा गुन्हाही तोच. संस्थान गेले, भाषावार प्रांत झाले, तरी तेलंगण भागाच्या कायद्यांत तो कलमांसह पडून राहिला. जुलै २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरवून रद्द केला. शंभर वर्षांच्या ह्या आयुष्यात मुलांच्या वाट्यास त्यातून किती रक्षण आले असेल, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

येथे कोणी म्हणेल, मग मुलांच्या रक्षणासाठी सरकारने दंड उगारूच नये काय? तसे म्हणणाऱ्यास महाराष्ट्राचाच इतिहास उत्तर देतो. फुलमणी नावाच्या अकरा वर्षांच्या आतबाहेरच्या बंगाली मुलीचा पतीच्या समागमाने अंत झाला, आणि १८९० साली तिच्या नवऱ्यास अवघी एक वर्षाची शिक्षा झाली. त्यानंतर १९ मार्च १८९१ रोजी संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाची मर्यादा बारावर गेली. रानडे, तेलंग आणि भांडारकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरुद्ध. टिळकांचा आक्षेप परक्या सरकारच्या हस्तक्षेपास होता. मुलींची लग्ने सोळाच्या आणि मुलांची विसाच्या आत करणार नाही, असे लोकांनीच आपणहून ठरवावे, अशी सूचना त्यांनी मांडली होती. आज मागे वळून पाहता टिळकांच्या शंकेतील तथ्य दिसते, आणि तरीही त्या मुलीचे प्रेत सूचनांची वाट पाहण्याच्या पलीकडे गेले होते, हेही दिसते. काही अत्याचार असे असतात की, तेथे राजदंड उगारलाच पाहिजे. बळाने किंवा फसवून केलेला पुंस्त्वनाश त्यांतलाच.

परंतु त्या वादातील सर्वांत मोलाचा आवाज शास्त्र्यांचा नव्हता आणि संपादकांचाही नव्हता. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी पतीच्या घरी जाण्यास नकार दिला. १८८५ साली टोपणनावाने त्यांनी वृत्तपत्रात पत्रे लिहिली. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. पुढे तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. अजाण वयात दुसऱ्यांनी ज्याचे भवितव्य ठरविले ते मूल मोठे झाल्यावर काय म्हणेल, हे महाराष्ट्राने त्यांच्या तोंडून ऐकले.

विसाव्या शतकात शल्यविद्येची शक्ती वाढली आणि हाच प्रश्न वैद्यांच्या दारी गेला. १९५० नंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत जॉन मनी ह्यांच्या मताचा पगडा बसला: अर्भकावर लौकर शस्त्रक्रिया करावी, एका बाजूने वाढवावे, म्हणजे मन आपोआप देहामागून येते. त्यांच्या पुराव्यांतील गाजलेले उदाहरण कॅनडातील डेव्हिड रायमर ह्याचे. १९६६ साली सुंतेच्या अपघातात त्याचे इंद्रिय जळाले. पुढील वर्षी शस्त्रक्रिया करून त्यास मुलगी म्हणून वाढविण्यात आले. मनी ह्यांनी प्रयोग यशस्वी झाल्याचे लिहिले. मुलाने मात्र चौदाव्या वर्षी सत्य कळताच पुरुष म्हणून राहणे पत्करले, आणि २००४ साली आत्महत्या केली. ते मूल आंतरलिंगी नव्हते. परंतु त्याच्या नावावर रचलेल्या सिद्धांताने कित्येक आंतरलिंगी अर्भकांवर शस्त्र चालले.

ह्या चुकीवर आपल्या देशातून एक उत्तर आले. २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन ह्यांच्यापुढे तुतिकोरिनच्या एका विवाहनोंदणीचे प्रकरण होते. त्या ओघात त्यांनी आंतरलिंगी बालकांचा विषय हाती घेतला, आईबापांची संमती ही मुलाची संमती नव्हे असे सांगितले, आणि प्राणसंकट वगळता अशा बालकांवरील लिंगनिश्चितीच्या शस्त्रक्रिया बंद करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तामिळनाडू सरकारने तशी आज्ञा काढली. अपवादाचा निर्णय तज्ज्ञांच्या समितीने घ्यावा, अशी व्यवस्था केली. युरोपात माल्टाने २०१५ सालीच अशी बंदी घातली होती. मद्रासच्या न्यायाधीशांनी तुरुंगाची भाषा केली नाही. जे थांबू शकते ते मूल बोलू लागेपर्यंत थांबवा, एवढेच ते म्हणाले.

अमेरिकेतील कायद्यांशी ह्याची तुलना करून पाहावी. २०२१ साली आर्कान्सासने गव्हर्नराचा नकाराधिकार डावलून अठरा वर्षांखालील मुलांच्या लिंगबदलाच्या उपचारांवर बंदी घातली. अलाबामाने २०२२ साली आणि आयडाहोने २०२३ साली डॉक्टरास दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली. जून २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीचा अशाच आशयाचा, पण कैदेऐवजी दिवाणी दंडाचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. ह्या कायद्यांच्या समर्थकांची चिंता सर्वस्वी पोकळ नाही. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस ह्यांच्या एप्रिल २०२४ च्या अहवालाने ह्या औषधांच्या परिणामांविषयीचा पुरावा दुबळा असल्याचे दाखवून दिले. उलट बाजू म्हणते की, वयात येणाऱ्या देहास 'थांब' म्हटल्याने तो थांबत नाही. उपचार न करणे हाही मुलाच्या देहाविषयी घेतलेला एक निर्णयच आहे. दोन्ही म्हणण्यांत वजन आहे. परंतु ह्याच कायद्यांतील एक अपवाद पाहिला म्हणजे मन साशंक होते. जन्मतः लिंगविकासात वेगळेपण असलेल्या बालकांवरील शस्त्रक्रियांस त्यांनी मोकळीक ठेवली आहे. म्हणजे सोळा वर्षांचे मूल जे मागते ते दिल्यास तुरुंग, आणि सोळा दिवसांच्या अर्भकाने जे मागितले नाही ते केल्यास मुभा. रक्षण जर मुलाचे करावयाचे असेल, तर हा क्रम उलटा असावयास हवा होता. येथे रक्षण होते आहे ते पहिल्या प्रश्नाच्या दोन ठरीव उत्तरांचे.

१८७१ चा कायदा आणि हे कायदे एकाच माळेतले आहेत असे मला म्हणावयाचे नाही. काळ वेगळा, हेतू वेगळे. पण एक खूण दोहोंत सारखी दिसते. मुलाचे नाव घेऊन दंड उगारला जातो, आणि मुलास विचारण्याचे राहून जाते. पळवून नेणारास, बळजोरी करणारास शिक्षा हवी, आणि ती आमच्या दंडसंहितेत पहिल्यापासून आहे. जेथे प्रश्न औषधाची मात्रा, योग्य वय आणि मनाची खात्री ह्यांचा आहे, तेथे जाणत्या वैद्यांची समिती, सावकाश चाललेली विचारपूस आणि स्वतः ते मूल ह्यांनीच वाट काढावयाची असते. ते काम फौजदारास जमणारे नाही.

आता पुन्हा जव्हारकडे येऊ. आंतरलिंगी दिसणाऱ्या काही बालिकांस अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात विकार असतो. त्यात शरीरातील क्षार झपाट्याने निघून जातात आणि पहिल्या काही आठवड्यांतच मूल दगावू शकते. तेथे वेळ दवडून चालत नाही. आणि त्या वेळी प्राण वाचतात ते शस्त्राने नव्हेत, तर रक्ताची तपासणी, मीठ आणि रोजच्या औषधाने. साखरशेतसारख्या गावी असे मूल जन्मले, तर त्याच्या आईस जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय गाठावे लागेल आणि तेथून पुढे नाशिक किंवा ठाणे. १९९२-९३ साली ह्याच तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रास जव्हारचे नाव कळले. त्या मुलांच्या देहावर कोणी शस्त्र चालविले नव्हते. त्यांच्याकडे वेळीच कोणी पाहिले नव्हते, एवढेच.

म्हणून बालकाच्या देहाच्या रक्षणासाठी कोणी नवा गुन्हा संहितेत घालू म्हणेल, तेव्हा त्यास आधी एवढे विचारावे: त्या डोंगरातील आईला मीठ आणि औषध किती तासांत मिळेल? आणि मुलगा की मुलगी, ह्याचे उत्तर ते मूल स्वतः देईपर्यंत तिने बाहेरच्या माणसांस थांबावयास सांगितले, तर तिच्या पाठीशी कोण उभे राहील?