दोन वाटा : मोक्षपटापासून पडद्यावरील खेळांपर्यंत

नांदेड-लातूरकडील आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत मोबाईल नाही असे घर आता विरळाच. मुले त्यावर वा संगणकावर जे खेळ खेळतात, त्यांपैकी काहींत नायकाने सज्जन व्हावे की दुर्जन, हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे असते. मुलाने दुर्जनाची वाट निवडली तर ते पाप ठरते काय, असा प्रश्न पालकांना पडतो. उत्तर शोधण्यापूर्वी या खेळांचे कुळ पाहावे. ते आपल्या अंगणापासून फार दूर नाही.

ज्या गोदावरीच्या तीरी नांदेड वसले आहे, तिच्याच तीरी वरच्या अंगाला, पैठणजवळ, आपेगाव आहे. त्या गावच्या संत ज्ञानेश्वरांकडे परंपरा मोक्षपटाचे जनकत्व देते. कवड्या टाकून खेळावयाच्या या पटावर शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि अखेरचे घर मोक्षाचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ इंग्लंडात रुजला. तेथे प्रथम ख्रिस्ती नीतीतील गुणावगुण त्यावर रेखले गेले. पुढे तेही पुसले जाऊन केवळ आकडे उरले. मात्र मूळ पटावरही खेळणारा स्वतः काही निवडीत नसे. कवड्यांचे दान पडेल तिकडे सोंगटी जाई.

निवडीला खरे महत्त्व आले ते पुढे. १९८५ साली अमेरिकेत रिचर्ड गॅरियट यांनी ‘अल्टिमा ४’ हा संगणकावरील खेळ रचला. त्यात शत्रूला ठार करून विजय मिळत नसे. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे ८ सद्गुण आचरावे लागत. आंधळ्या दुकानदाराला कमी पैसे दिले, तर खेळ त्याची मुकाट्याने नोंद ठेवी. पुढे २००४ च्या ‘फेबल’मध्ये दुष्कर्मे करणाऱ्या नायकाला शिंगे फुटू लागली. २००७ च्या ‘मास इफेक्ट’मध्येही सौम्य व कठोर असे दोन मार्ग होते. त्या खेळावर पूर्वी काम केलेल्या एका कलावंताने २०२० साली सांगितले, की सुमारे ९२ टक्के खेळाडूंनी सज्जनाचाच मार्ग धरला होता. शिक्षेचे भय नसतानाही माणूस बहुधा चांगुलपणाकडे वळतो. देवाने अंतःकरणावर कोरलेल्या नियमाची ही साक्षच नव्हे काय?

दोन वाटांची ही शिकवण आपल्याला नवी नाही. अनुवाद ग्रंथाच्या ३० व्या अध्यायात मोशे लोकांपुढे जीवन व मरण ठेवतो. प्रभू येशू अरुंद व रुंद दरवाजांविषयी बोलतो (मत्तय ७:१३-१४). आद्य ख्रिस्तसभेतील ‘दिदाखे’ या लहानशा ग्रंथाचा आरंभही दोन मार्गांनीच होतो.

मग भेद कोठे आहे? खेळात चुकलेली चाल मागे घेता येते. जेथे थांबलो तेथून पुन्हा आरंभ करता येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणी कापली आणि सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. ढिगाऱ्याखालून आलेल्या हाकेकडे धावायचे की आपला जीव सांभाळायचा, ही तेथील निवड एकदाच करावयाची होती.

गंभीर पापासाठी गंभीर विषय, पूर्ण जाणीव व मनःपूर्वक संमती या तीन गोष्टी लागतात, असे ख्रिस्तसभा शिकविते. पडद्यावरच्या काल्पनिक दुष्कृत्याने कोणाही शेजाऱ्याची हानी होत नाही. म्हणून केवळ ती वाट निवडली एवढ्याने पाप घडत नाही. परंतु क्रौर्याची गोडी लागणे, अभ्यास व प्रार्थना बुडविणे, आईवडिलांशी खोटे बोलणे, हे पडद्याबाहेरचे आहे आणि खरे आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी आरूढ झालेल्या कार्लो आकुतिस याला असे खेळ आवडत. तरी त्याने स्वतःला आठवड्यातून एकच तास घालून दिला होता.

म्हणून पालकांनी मोबाईल हिसकावण्याआधी मुलाजवळ बसून विचारावे, ‘बाळा, तू हीच वाट का निवडलीस?’ या संवादातच सदसद्विवेकबुद्धी घडते. आणि त्याला हेही सांगावे, की खेळ पुन्हा सुरू केला म्हणजे दुष्कृत्य पुसले जाते. प्रायश्चित्त संस्कारात मात्र पापाची क्षमा होते, तरी झालेली हानी भरून देण्याचे कर्तव्य उरते. बाजारातल्या खऱ्या आंधळ्या दुकानदाराचे पैसे आपल्या पायांनी जाऊन परत करावे लागतात.