महिन्याची खेप

एखाद्या रोग्यास औषध एका वेळीं किती दिवसांचें द्यावें, हा प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. परंतु कर्जत व खालापूर या तालुक्यांतून ज्याला रोजगार बुडवून औषधासाठीं जावें लागतें, त्याच्या संसाराचें गणित याच प्रश्नावर जमतें किंवा फिसकटतें. एच. आय. व्ही.च्या औषधाची मुदत महिन्याची कां ठरली, पुढें ती कशी लांबली आणि आणखी कां लांबावी, याचा थोडासा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

या रोगाची पहिली नोंद अमेरिकेंत १९८१ सालीं झाली. विषाणू १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत सांपडला. आणि आपल्या देशांत तो प्रथम आढळला १९८६ सालीं मद्रासेस, डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांच्या तपासणींत. तीन औषधें एकत्र दिलीं असतां विषाणू दबून राहतो, हें १९९६ च्या सुमारास सिद्ध झालें. पण त्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरांत! गरिबानें तें नांवच घेऊं नये. २००१ सालीं मुंबईच्या सिपला कंपनीचे प्रमुख युसुफ हमीद यांनीं तसेंच तीन औषधांचें मिश्रण वर्षाला ३५० डॉलरांत देऊं केलें, आणि साऱ्या जगाचा बाजारभाव हालला. याच कंपनीचा एक कारखाना आपल्या खालापूर तालुक्यांत, पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतींत आहे, हें त्या वाटेनें रोज जाणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसेल.

सरकारनें १ एप्रिल २००४ पासून हें औषध कांहीं निवडक रुग्णालयांतून फुकट देण्यास आरंभ केला. त्यांत मुंबईचें जे. जे. रुग्णालय होतें. त्या काळच्या गोळ्या दिवसांतून दोनदां घ्यावयाच्या असत. नेव्हिरापीन नांवाचें औषध पहिले १४ दिवस एकदांच द्यावें, अंगावर पुरळ उठला नाहीं तर मग दोनदां, असा नियम होता. तें यकृतालाही बाधे. स्टॅव्हुडीननें पायांना मुंग्या येत, गाल बसत. अशा औषधावर असलेल्या मनुष्यास डॉक्टरांनीं वरचेवर डोळ्यांखालीं घालावें, यांत वावगें कांहींच नव्हतें. महिन्याची खेप त्या वेळीं शहाणपणाची होती.

मात्र तिच्या मागें आणखी दोन कारणें होतीं. एक कोठाराचें: थोडें औषध थोड्या थोड्या दिवसांपुरतें वांटलें म्हणजे हिशेब राहतो. दुसरें अविश्वासाचें. क्षयाच्या रोग्याला गोळी समोर गिळावयास लावावी आणि कुष्ठरोग्याला २८ दिवसांचें पाकीट हातीं द्यावें, ही आपल्या आरोग्यखात्याची जुनी वहिवाट. मी जन्मभर हजेरीपट भरला. जो रोज येतो तोच शिकतो असें मानण्याची मास्तरांना खोड असते. ती डॉक्टरांनाही असावी असें दिसतें.

आतां ही खेप रोग्याच्या बाजूनें पाहूं. मुंबईची लोकल कर्जतेस येते, खोपोलीसही येते; पण लोकलपर्यंत यावयाचें कसें? डोंगराच्या कुशींतल्या वाडीवरून उतरावयाचें, रस्त्याला लागून मिनीडोरची वाट पाहावयाची, मग गाडी, मग रांग. दिवसाची मजुरी गेलीच, वर भाडें. त्याहून जड ती लपवालपवी. दर महिन्यास ठराविक तारखेस हा कोठें जातो, असें मालक विचारतो, शेजारीण विचारते, सासूही विचारते. रांगेंत गांवचा कोणी भेटला तर दोघेही मान फिरवितात. या भयानें जवळचें केंद्र सोडून मुद्दाम दूरचें धरणारे लोक आहेत.

इतक्यांत औषधेंच बदललीं. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन व डोल्युटेग्रॅव्हिर यांची मिळून दिवसास एकच गोळी झाली. ती पुष्कळांना निमूट सोसते. रक्तांतील विषाणू मोजण्याची तपासणी २०१८ पासून सरकारी केंद्रांतून फुकट होऊं लागली. विषाणू मोजणींत येईनासा झाला म्हणजे तो मनुष्य निरोग्याप्रमाणें कामधंदा करितो, आणि शरीरसंबंधानें दुसऱ्यास रोग देत नाहीं. अशा स्थिरावलेल्या रोग्यानें दर महिन्यास येऊन काय दाखवावयाचें? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालींच त्याला तीन ते सहा महिन्यांचें औषध द्यावें असें सांगितलें होतें. आपल्याकडे २०१७ पासून रोग आढळतांच प्रत्येकास औषध सुरू होऊं लागलें, तशा रांगाही वाढल्या.

मग मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली, लोकल थांबली. त्या वेळीं तीन महिन्यांपर्यंतचें औषध एकदम द्यावें आणि शक्य तेथें घराजवळ पोंचवावें, असें ठरलें. जें वर्षानुवर्षें धोक्याचें वाटत होतें, तें अडचणीनें थोड्या दिवसांत करावयास लाविलें. मलावी आणि झांबिया या आफ्रिकेंतील देशांत ३० केंद्रांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांचें औषध एकदम नेणारे रोगी उपचारांत टिकण्याच्या बाबतींत इतरांहून मागें पडले नाहींत. त्याच वर्षीं जागतिक संघटनेनें शक्य तर सहा महिन्यांचेंच द्यावें, असा कल दाखविला.

याला आक्षेप नाहींत असें नाहीं. नवा रोगी, गरोदर स्त्री, वजनाबरोबर ज्याची मात्रा बदलते तें मूल, क्षय जडलेला मनुष्य, यांनीं वरचेवर यावेंच. कोठार रिकामें असेल तर मुदतीची गोष्टच नको: जुलै २०२२ मध्यें औषधें अपुरीं पडल्यामुळें दिल्लींत रोगी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दारांत धरणें धरून बसले होते. आणि एक आक्षेप घरांतला आहे. एक बाटली कपड्यांत लपते. सहा बाटल्या एका खोलीच्या घरांत कोठें ठेवाव्या? ज्या सुनेनें हें कोणालाच सांगितलेलें नाहीं, तिला महिन्याची खेपच बरी वाटेल. म्हणून मुदत ठरवितांना तिला विचारलें पाहिजे. आजवर तेवढेंच राहून गेलें आहे.

पण आपल्या वाड्यांतील दुसरीं माणसें पाहा. दिवाळी उरकली कीं उचल घेतलेलीं कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडावर परततात. हा रोग कोणा एका जातीचा नाहीं. पण ज्याच्या घरीं तो आहे आणि ज्यानें उचल घेतली आहे, त्याला भट्टीचा मालक मध्येंच रजा देत नाहीं. कार्तिकांत नेलेलें तीन महिन्यांचें औषध माघांत संपतें. भट्टी वैशाखापर्यंत पेटलेली असते.