बालाघाटची दोन शहरे : नागपूर आणि जबलपूर

कोणत्या शहरात राहावे हा प्रश्न सहसा वैयक्तिक पसंतीचा मानला जातो आणि घरभाडे, नोकरी, हवापाणी, मुलांची शाळा अशा बाबींची बेरीज-वजाबाकी करून त्याचे उत्तर शोधले जाते. सीमेवरच्या जिल्ह्यांत मात्र या तराजूची पारडी राज्यकर्त्यांच्या निर्णयांनी अनेकदा वरखाली झालेली दिसतात. मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला वैनगंगेकाठी वसलेला बालाघाट जिल्हा हे त्याचे ठळक उदाहरण होय. बालाघाट शहरापासून एका बाजूस नागपूर आणि दुसऱ्या बाजूस जबलपूर, ही दोन्ही शहरे रेल्वेने दोनशे किलोमीटरांच्या आत आहेत. त्यामुळे शिक्षण, नोकरी, औषधोपचार किंवा कोर्टकचेरी यांसाठी गाव सोडणाऱ्या येथील कुटुंबांपुढे या दोहोंपैकी एकाची निवड करण्याचा प्रसंग पिढ्यानपिढ्या येत राहिला आहे.

या दुहेरी ओढीचे मूळ जिल्ह्याच्या भूगोलातच आहे. वैनगंगा बालाघाटच्या सखल, भातशेतीच्या प्रदेशातून पुढे गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांकडे उतरते व तिचे पाणी अखेरीस गोदावरीस मिळते. उलट बैहरच्या पठारावरून वाहणारी बंजर नदी मंडल्याजवळ नर्मदेला जाऊन मिळते. जिल्ह्याची घडणही याच दोन उतारांना धरून झाली. इंग्रजांनी 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बालाघाट हा नवा जिल्हा केला, तेव्हा भंडाऱ्याकडून आलेला सखल मुलूख नागपूरच्या वळणाचा होता, तर मंडल्याकडून आलेला डोंगराळ मुलूख जबलपूरच्या. अठराव्या शतकात जिल्ह्यातील लांजीचा परिसर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली गेला आणि त्या शतकाच्या अखेरीस मंडला व जबलपूर हेही त्यांच्याच ताब्यात आले. तथापि 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नर्मदेकाठचा प्रदेश इंग्रजांनी घेतला आणि नागपूरचे राज्य मात्र 1853 पर्यंत, म्हणजे तिसऱ्या रघूजींच्या निधनापर्यंत, टिकून राहिले. सुमारे पस्तीस वर्षे दोन वेगळ्या राजवटींखाली राहिलेली ही दोन केंद्रे 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर पुन्हा एका छत्राखाली आली.

मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाली आणि बालाघाट जिल्हाही नागपूर विभागात, म्हणजे नागपूरच्या आयुक्ताच्या अधिकारक्षेत्रात, ठेवण्यात आला. त्यामुळे मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी व त्याबरोबर गावावरचे हक्क मिळालेल्या जमीनदारांना, वरिष्ठ महसुली कामासाठी नागपूर गाठावे लागे. उच्च शिक्षणाची वाटही तिकडेच जात होती. हिस्लॉप महाविद्यालय 1883 मध्ये आणि मॉरिस महाविद्यालय 1885 मध्ये सुरू झाले, 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि 1936 मध्ये नागपूरला उच्च न्यायालय मिळाले. या काळातील जबलपूर काही लहान शहर नव्हते. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग 1870 मध्ये तेथेच पूर्ण झाला होता आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे तोफगाड्यांचा सरकारी कारखानाही उभा राहिला. बालाघाटच्या रहिवाशाला मात्र तेथवर पोहोचणे कठीण होते, कारण मध्ये सातपुड्याचा घाट आणि दाट अरण्य होते.

ही अडचण बंगाल-नागपूर रेल्वेने दूर केली. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावरील गोंदिया स्थानकापासून बालाघाट आणि नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत जाणारी नॅरोगेज, म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळांची लहान गाडी, 1903 ते 1905 या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. या मार्गाने बालाघाटला जबलपूर प्रथमच सोयीचे केले. पण त्याच मार्गाने गोंदियाला बालाघाटची बाजारपेठ बनवले हा त्याचा अधिक टिकाऊ परिणाम म्हणावा लागेल. धान, तेंदूपत्ता, लाकूड आणि भरवेली परिसरातील मँगनीज यांची वाहतूक गोंदियाकडे वळली आणि भातगिरण्या व बिडीच्या धंद्यामुळे ते गाव झपाट्याने वाढले. मँगनीज उद्योगाचे प्रशासकीय केंद्रही पुढे नागपुरातच राहिले. भरवेली, उकवा आणि तिरोडी येथील खाणी चालवणाऱ्या ‘मॉईल’ या सार्वजनिक कंपनीचे मुख्यालय आजही तेथेच आहे.

प्रशासन आणि व्यापार नागपूरकडे ओढत असताना राजकारणाची दिशा मात्र बदलत होती. काँग्रेसने 1920 च्या नागपूर अधिवेशनानंतर आपल्या प्रांतिक समित्या भाषेनुसार बांधल्या, तेव्हा मध्य प्रांतातील हिंदी जिल्ह्यांसाठी महाकोशल ही स्वतंत्र समिती झाली आणि तिच्या राजकारणाचे केंद्र जबलपूर ठरले. बालाघाटची गणना हिंदी जिल्ह्यांत होत असे. परंतु त्या गणनेत येथील बोलीव्यवहाराचे पूर्ण चित्र उमटत नव्हते. वैनगंगेच्या खोऱ्यात मोठ्या संख्येने असलेल्या पोवार समाजाची पोवारी ही हिंदीच्या कुळातील बोली मराठीच्या सहवासात वाढली आहे, दक्षिणेकडील गावांत मराठी घरोघरी बोलली जाते, आणि पठारावर गोंडी बोलणाऱ्यांची वस्ती आहे. पोवार, कुणबी, मरार या शेतकरी समाजांचा रोटीबेटी व्यवहार, म्हणजे सोयरीक आणि पंगतीचा संबंध, गोंदिया-भंडाऱ्याशी अखंड चालू राहिला. समितीची सीमा बदलल्याने सोयऱ्यांची गावे बदलली नाहीत.

राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 च्या अहवालात आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले. त्या आठांत भंडारा होता, बालाघाट नव्हता. विदर्भाचे वेगळे राज्य झाले नाही, पण बालाघाटला वगळून ओढलेली रेषा कायम राहिली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला. नागपूरचे उच्च न्यायालय संपुष्टात येऊन नव्या राज्याचे उच्च न्यायालय जबलपूरला सुरू झाले आणि त्याच वर्षी जबलपूर विद्यापीठही स्थापन झाले. आदल्या दिवसापर्यंत ज्या शहरात राजधानी, न्यायालय, बाजार, रुग्णालय आणि नातेवाईक हे सारे एकत्र होते, त्याचे दोन भाग झाले: सरकारी कामाचे शहर जबलपूर आणि घरगुती व्यवहाराचे शहर नागपूर. चारशे किलोमीटरांहून दूर असलेली राजधानी भोपाळ हे तिसरे ठिकाण ठरले.

या विभागणीनंतरच दोन शहरांच्या गुणदोषांचा हिशेब खऱ्या अर्थाने सुरू झाला. जबलपूरच्या बाजूने पहिली जमेची बाब म्हणजे राज्य एकच राहते. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशातील राज्याच्या राखीव जागा, शासकीय नोकरीच्या परीक्षा, शिष्यवृत्त्या आणि उपचारांसाठीच्या सरकारी योजना यांचा लाभ मूळ निवासी प्रमाणपत्रावर, म्हणजे अर्जदार त्याच राज्याचा रहिवासी असल्याच्या दाखल्यावर, अवलंबून असतो. आरक्षणाबाबत हा भेद अधिक कठोर आहे. एका राज्यात अनुसूचित जाती किंवा जमातीत गणली गेलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात स्थायिक झाल्यास तेथील आरक्षणाचा हक्क तिला मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये मर्री चंद्रशेखर राव खटल्यात दिला. बैहरचा गोंड विद्यार्थी नागपूरला स्थायिक झाला, तर गोंड जमात दोन्ही राज्यांच्या यादीत असूनही त्याला महाराष्ट्रात हा लाभ मागता येत नाही. उच्च न्यायालयातील पेशी, म्हणजे खटल्याची तारीख, आणि नर्मदेच्या पाण्याची मुबलकता या जबलपूरच्या आणखी दोन बाबी होत.

नागपूरचे पारडे जड होते ते रोजच्या जगण्यात. 1947 मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पुढे वाढलेली खासगी रुग्णालये, मोठी बाजारपेठ, उद्योगांतील नोकऱ्या आणि देशाच्या चारही दिशांना जाणाऱ्या गाड्या यांमुळे बालाघाटचा रुग्ण आणि व्यापारी आधी गोंदियाला व मग नागपूरला जातो. भाषेची अडचणही येथे कमी आहे, कारण जुन्या द्विभाषिक प्रांताची राजधानी राहिलेल्या नागपुरात हिंदी बोलणाऱ्याला परकेपणा जाणवत नाही आणि मराठी बोलणाऱ्याला मुलांसाठी मराठी शाळाही मिळते. जबलपूरला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात मात्र मराठी बहुधा घरापुरती उरते. उन्हाळ्याची तीव्रता आणि महागाई या नागपूरच्या उणिवा ठरतात. रेल्वेनेही काही काळ नागपूरलाच साथ दिली. गोंदिया-बालाघाट मार्ग आधी ब्रॉडगेज झाला, तर जबलपूरकडील नॅरोगेज 2015 मध्ये बंद पडल्यानंतर संपूर्ण मार्गाचे रुंदीकरण होण्यास आणखी काही वर्षे लागली आणि तोवर बालाघाटहून जबलपूरला थेट रेल्वेने जाता येत नव्हते.

दीडशे वर्षांच्या या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. बालाघाटच्या रहिवाशासाठी दोन शहरांतील अंतरांचा फरक कधीच निर्णायक नव्हता. त्याचे हक्क कोठे चालतात आणि त्याची माणसे कोठे आहेत, या दोन गोष्टी 1956 पर्यंत एका शहरात होत्या आणि त्यानंतर दोन शहरांत विभागल्या गेल्या. ज्याला सरकारी नोकरी, राखीव जागा किंवा राज्याच्या योजनांवर उभे राहायचे आहे त्याच्यासाठी जबलपूर हिताचे, आणि ज्याचा निर्वाह व्यापार, खासगी नोकरी व नातेसंबंधांवर आहे त्याच्यासाठी नागपूर सोयीचे, असा या तुलनेचा निवाडा आहे. हक्क आणि सोय यांतील ही फारकत शहरांच्या गुणदोषांतून आलेली नाही, ती राज्यांच्या सीमेतून आली आहे. म्हणून निदान उपचार आणि शिक्षण यांपुरते दोन्ही राज्य सरकारांनी सीमावर्ती जिल्ह्यांतील एकमेकांचे दाखले मान्य केले, तर तिचा मोठा भाग दूर होऊ शकेल.