हिवाळी निवास

हिवाळी निवास : कडक थंडीचे महिने टाळण्यासाठी उबदार प्रदेशात जाऊन काही आठवडे वा महिने सलग राहण्याची प्रथा. सहल, तीर्थयात्रा व कायमचे स्थलांतर या तिहींहून ती वेगळी आहे. सहलीला निघालेला मनुष्य पाहुणा असतो व कायमचा स्थलांतरित रहिवासी होतो. हिवाळी निवासी मात्र या दोहोंच्या मधल्या स्थितीत राहतो. त्याचे मूळ घर कायम असते आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला घर, बाजार, वैद्य व शेजार या चारही गोष्टी हंगामापुरत्या उभ्या कराव्या लागतात. प्रारंभी ही प्रथा धनिक व रुग्ण यांच्यापुरती मर्यादित होती. निवृत्तिवेतन आणि रेल्वे यांच्या प्रसारानंतर ती सेवानिवृत्त मध्यमवर्गापर्यंत पोहोचली.

पाश्चात्त्य देशांतील उगम : आधुनिक हिवाळी निवासाचा आरंभ भूमध्य समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर झाला. स्कॉटिश कादंबरीकार टोबायस स्मॉलेट (१७२१–७१) हा प्रकृतिस्वास्थ्यासाठी १७६३ ते १७६५ या काळात नीस येथे राहिला. त्याचे प्रवासवर्णन १७६६ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यामुळे तेथील सौम्य हवेकडे इंग्रजांचे लक्ष वेधले गेले. लॉर्ड ब्रूम (१७७८–१८६८) याने १८३४ नंतर कॅन येथे घर बांधले. जेम्स हेन्री बेनेट (१८१६–९१) हा इंग्रज वैद्य क्षयाने ग्रस्त होऊन १८५९ मध्ये मांताँ येथे गेला व तेथे त्याची प्रकृती सुधारली. त्याच्या ग्रंथामुळे ते लहान गाव रुग्णांचे हिवाळी ठाणे बनले. १८६४ मध्ये रेल्वे नीसला पोहोचली आणि आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला. त्या काळी या किनाऱ्यावरील हंगाम हिवाळ्याचाच असे व उन्हाळ्यात तेथील निवासगृहे बंद ठेवीत. उन्हाळी हंगामाची चाल विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पडली व १९३६ मध्ये फ्रान्समध्ये पगारी रजेचा कायदा झाल्यानंतर ती दृढ झाली.

अमेरिकेत हेन्री फ्लॅग्लर (१८३०–१९१३) याने फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर निवासगृहे व लोहमार्ग बांधले. १८९६ मध्ये हा मार्ग मायॅमीपर्यंत गेला. मात्र सामान्य वृद्धांना तेथे जाता येण्यासाठी नियमित उत्पन्नाची आवश्यकता होती. जर्मनीत १८८९ मध्ये, ब्रिटनमध्ये १९०८ मध्ये व अमेरिकेत १९३५ मध्ये वार्धक्य-वेतनाचे कायदे झाले. त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आतच केवळ वृद्धांसाठी वसविलेली नगरे दिसू लागली. अ‍ॅरिझोना राज्यातील सन सिटी (१९६०) हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण होय. हिवाळ्यात उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या अशा वृद्धांना तेथे स्थलांतरी पक्ष्यांवरून टोपणनाव मिळाले आहे.

भारतीय पूर्वपरंपरा : भारतात उतारवयात घराबाहेर दीर्घकाळ राहण्याची कल्पना जुनी आहे, तथापि तिचे प्रयोजन हवेपेक्षा धर्माशी निगडित होते. वानप्रस्थाश्रमाचा आदर्श, काशीवास, आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत पंढरपुरात काढलेला चातुर्मास, माघ महिन्यातील प्रयागचा कल्पवास ही त्याची उदाहरणे होत. यांपैकी कल्पवास तर ऐन थंडीत नदीकाठी राहून करावयाचा असल्याने तो हिवाळी निवासाच्या नेमका उलट आहे. असे असले, तरी दीर्घ निवासाची व्यवस्था या परंपरांतूनच घडली. धर्मशाळा, अन्नछत्र, तीर्थोपाध्यायाकडील वास्तव्य आणि गावाकडून मागाहून येणारा खर्च यांच्या आधारे वृद्ध मंडळी परगावी महिनोन्‌महिने राहत असत.

ब्रिटिश अमदानीत हवापालटाची दिशा हवामानानुसार ठरली. यूरोपात थंडीपासून, तर भारतात उन्हाळ्यापासून दूर जावयाचे असल्यामुळे प्रथम गिरिस्थाने वसली. १८२४ मध्ये जनरल लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर गेला व सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत (१८२७–३०) तेथे आरोग्यस्थान उभे राहिले. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये माथेरान प्रकाशात आणले. पुढे मुंबईच्या गव्हर्नरचे वर्ष तीन ठिकाणी विभागले जाऊ लागले. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे व हिवाळ्यात मुंबई असा तो क्रम होता. म्हणजे इलाख्यातील हिवाळी निवासाचे स्थान खुद्द मुंबई हेच होते. कच्छ, ग्वाल्हेर, बडोदे इ. संस्थानिकांनी तेथे वाडे बांधले. घोड्यांच्या शर्यतींचा हंगामही पुण्यात पावसाळ्यात व मुंबईत महालक्ष्मी येथे हिवाळ्यात असा वाटला गेला. मध्यमवर्गीयांसाठी निरनिराळ्या समाजांतील दात्यांनी देवळाली, पाचगणी, लोणावळे इ. ठिकाणी आरोग्यधामे बांधली. तेथे अल्प शुल्कात खोली मिळे. भांडी, शेगडी व अंथरूण ज्याने त्याने न्यावयाचे असे. हवापालट हा शब्द मराठी घरांत रूढ झाला, तो याच काळात.

साष्टीचा किनारा व मीरा-भाईंदर : मुंबई बेटाच्या उत्तरेस साष्टी बेट असून त्याच्या वायव्य टोकास, वसईच्या खाडीलगत, ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर हे शहर आहे. १५३४ मध्ये हा मुलूख गुजरातच्या बहादुरशाहाकडून पोर्तुगीजांना मिळाला. घोडबंदर येथील किल्ला त्यांनीच बांधला. तेथे चालणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून त्या स्थळास हे नाव पडले असे मानतात. मराठ्यांनी १७३७ ते १७३९ या काळात साष्टी व वसई जिंकून घेतली आणि १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या ताब्यात गेली. इंग्रजांच्या काळात घोडबंदर येथील पोर्तुगीज चर्चच्या वास्तूचा उपयोग निवासस्थान म्हणून केला जाई. खाडी, टेकडी आणि थंडीतील कोरडी हवा यांमुळे हे स्थान मुक्कामास सोयीचे होते.

मुंबई, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आला. नीसला रेल्वे पोहोचली तेही हेच वर्ष होय. परंतु दोन्ही ठिकाणी परिणाम भिन्न झाले. नीसला रेल्वेने पाहुणे आणले. भाईंदरहून तिने मुंबईकडे मीठ, मासळी व भाजीपाला नेला आणि शंभर वर्षांनंतर मुंबईतील नोकरदारांना राहण्यास भाईंदरकडे आणले. १९८५ मध्ये नगर परिषद व २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाखांवर गेली होती. राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन, पाली व चौक ही पश्चिमेकडील गावे त्यातच अंतर्भूत असली, तरी समुद्रकाठच्या वस्तीचा तोंडवळा पुष्कळसा कोळी, आगरी व ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या गावांसारखाच राहिला आहे.

या किनाऱ्याची हिवाळी हवा हेच त्याचे आकर्षण आहे. जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत जानेवारीचे सरासरी कमाल तापमान सु. ३१° से. व किमान सु. १७° से. असते; पुण्यात याच महिन्यातील सरासरी किमान तापमान सु. ११° से.पर्यंत उतरते. सांधेदुखी वा दमा असलेल्या घाटमाथ्यावरील वृद्धास हा फरक जाणवण्याजोगा आहे. मात्र अलीकडील वर्षांत थंडीतील मंद वारे, बांधकामांची धूळ व वाहनांचा धूर यांमुळे मुंबई परिसराची हवा याच महिन्यांत अधिक दूषित होते. त्यामुळे श्वसनविकार असलेल्यांनी केवळ तापमानावर विसंबून चालत नाही.

आणखी एक विसंगती येथे लक्षात घ्यावी लागते. पाहुण्यांच्या विश्रांतीचा हंगाम तोच स्थानिकांच्या कामाचा हंगाम असतो. पावसाळा संपल्यानंतर उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळू लागतात. वाळूची मोकळी जागा हे कोळणींचे वाळवण असते. खाडीकाठच्या मिठागरांतही याच सुमारास मिठाच्या कामाला प्रारंभ होतो. २००० नंतरच्या दशकात गोराई, मनोरी व उत्तन या पट्ट्यात पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र निर्माण करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा स्थानिक रहिवाशांनी त्यास तीव्र विरोध केला. घरे, शेते, वाळवणाच्या जागा व मासेमारीची वहिवाट यांविषयीची भीती या विरोधाच्या मुळाशी होती. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांमुळे (१९९१, २०११ व २०१९) समुद्रालगतच्या बांधकामावर मर्यादा आहेत. पण कोणता किनारा कोणाच्या उपयोगाचा, हा प्रश्न केवळ त्यांनी सुटत नाही.

गोवा व परदेशस्थ निवासी : पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणावरील हिवाळी निवास गोव्यात रुजला. १९६१ मधील मुक्तीनंतर प्रथम हिप्पी तरुण आले; १९८७ पासून जर्मनीतून थेट भाड्याची विमाने येऊ लागली व पुढे ब्रिटिश आणि रशियन पर्यटकांचा ओघ वाढला. त्यांतील अनेक ब्रिटिश वयस्क दरवर्षी तेच घर भाड्याने घेऊन थंडीचे महिने काढू लागले. ही व्यवस्था किती नाजूक आहे, याचा प्रत्यय दोनदा आला. २००९ च्या अखेरीस पर्यटक परवान्यावरील दोन भेटींत दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे करण्यात आले. २०१२ मध्ये ती अट बहुतेक देशांच्या नागरिकांपुरती मागे घेण्यात आली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे सर्व पर्यटक परवाने स्थगित झाले व भाड्याच्या विमानांनी येणाऱ्यांना ऑक्टोबर २०२१ पर्यंत थांबावे लागले.

याच्याच जोडीला मराठी कुटुंबांतील एक नवी प्रथा दिसते. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्यानंतर तेथे गेलेली अभियंते, वैद्य व प्राध्यापक यांची पिढी आता निवृत्त झाली असून, तिच्यातील अनेकजण डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने पुणे, मुंबई, ठाणे येथे काढतात. नातलगांच्या भेटी, लग्नकार्ये, नाटके आणि १९५३ पासून पुण्यात भरणारा सवाई गंधर्व महोत्सव यांभोवती या मुक्कामाची आखणी होते. २००५ मध्ये कायद्याने रूढ झालेल्या परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या नोंदणीमुळे त्यांना वारंवार परवाना घ्यावा लागत नाही. मात्र अमेरिकेतील वृद्धांचा शासकीय आरोग्य विमा सामान्यतः देशाबाहेर लागू होत नाही. कॅनडातील प्रांतिक विमा टिकविण्यासाठी वर्षातील ठरावीक दिवस प्रांतात राहावे लागते. मुक्कामाची लांबी त्यामुळे हवेइतकीच विम्याच्या अटींवरही अवलंबून असते.

आखणी : अशा निवासात घर, औषधोपचार, कागदपत्रे व पैसा यांचा विचार आधी करावा लागतो. महाराष्ट्रात अल्पकालीन घरासाठी ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार प्रचलित असून भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार तो लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. परदेशी नागरिक राहावयास आल्यास यजमानाने २४ तासांत अधिकाऱ्यांना कळवावे लागते. भारतात वास्तव्य नसलेल्या परकीयास येथे स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही. गोव्यात या नियमाकडे दुर्लक्ष झाल्याने अनेक व्यवहार चौकशीत अडकले. वृद्धांच्या दृष्टीने समुद्राच्या दर्शनापेक्षा रुग्णालयाचे अंतर महत्त्वाचे ठरते. जिना, उद्वाहक, रात्रीचे वाहन व नेहमीची औषधे मिळण्याची सोय यांचा विचारही त्यातच येतो. उत्तनसारख्या गावाहून भाईंदरचे रेल्वे स्थानक आठ-दहा किमी. दूर आहे आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा मुंबईच गाठावी लागते. अनुभवी मंडळी म्हणूनच पहिल्या वर्षी दोन-तीन आठवडे राहून मगच पुढील वर्षीचा लांब मुक्काम ठरवितात.

आर्थिक बाजू : या प्रथेचा खरा आधार निवृत्तिवेतन हाच आहे. भारतात पेन्शन अधिनियम १८७१ मध्ये झाला. पण वेतन ही सरकारची कृपा की सेवकाचा हक्क, हा प्रश्न दीर्घकाळ राहिला. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाद्वारे तो हक्क असल्याचा निर्वाळा दिला. हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळतात. तथापि हे संरक्षण मुख्यत्वे सरकारी सेवकांना लाभले. खासगी क्षेत्रातील कामगारांसाठीच्या १९९५ च्या योजनेत किमान मासिक वेतन १,००० रु. ठरले, तेही २०१४ मध्ये. असंघटित श्रमिकांपैकी बहुसंख्यांना तेवढेही मिळत नाही. रेल्वेने ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के व स्त्रियांना ५० टक्के दिलेली भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने मात्र ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला आहे.

हिवाळी निवासाचा इतिहास अशा रीतीने हवेच्या इतिहासाइतकाच उत्पन्न, वाहतूक आणि कायदा यांचाही इतिहास आहे. पूर्वीच्या आरोग्यधामांत अल्प भाड्याची खोली ही समाजाची देणगी होती. ती व्यवस्था क्षीण झाल्यावर तिची जागा बहुतांशी बाजाराने घेतली. भारतातील वृद्धांची संख्या वाढत असता कमी उत्पन्नाच्या निवृत्तांना परवडेल अशा सार्वजनिक आरोग्यधामांचे पुनरुज्जीवन, आणि उत्तनसारख्या गावांत स्थानिकांच्या स्वतःच्या घरांतून माफक दरात होणारी निवासाची सोय, हे दोन मार्ग पाहुणे व यजमान या दोघांच्याही हिताचे ठरण्याजोगे आहेत.