सशाचे घर नेमके कोणासाठी बांधले गेले?

१/७
पाळीव सशासाठी बाजारात मिळणारा छोटा पिंजरा सशाच्या गरजेतून जन्मलेला नाही. त्यामागे सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी ससा नव्हे, सशाचे मांस आहे.

२/७
मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांसाठी वापरला जातो. आपल्या माळरानावरचा रानससा बीळ खोदत नाही. गवतातल्या उथळ खळग्यात एकटा बसतो. पाळीव ससा मात्र मूळचा स्पेन-पोर्तुगाल व दक्षिण फ्रान्सचा, बिळांच्या वसाहतीत कळपाने राहणारा.

३/७
इ.स.पू. ३७च्या सुमारास रोमन लेखक व्हॅरोने आपल्या शेतीविषयक ग्रंथात ‘लेपोरारियम’ या सशांच्या आवाराचे वर्णन केले. मांजरासारख्या प्राण्यांना आत शिरता येऊ नये म्हणून भिंतींना गिलावा, लांडग्याला उडी मारता येऊ नये म्हणून पुरेशी उंची आणि आत लपायला झुडपे. मात्र त्या आवारातले ससे पकडून, कोंडून पुष्ट करण्याची नवी प्रथाही तोच नोंदवतो. पिंजऱ्याचे बीज इथे आहे.

४/७
इंग्लंडमध्ये बाराव्या शतकात नॉर्मन सरदारांनी ससे रुजवले. बिळे खोदणे सोपे जावे म्हणून मातीचे लांबट उंचवटे रचले गेले. सशांचे मांस व कातडे इतके मोलाचे होते, की थेटफर्ड येथे इ.स. १४००च्या सुमारास राखणदारासाठी दगडी दुमजली गढीच उभी राहिली!

५/७
एकोणिसाव्या शतकात शहरे दाटली. कामगारांच्या परसात जागा नव्हती. ससा लाकडी पेटीत आला. दुसऱ्या महायुद्धातील रेशनिंगच्या काळात ब्रिटनमध्ये ही पद्धत घरोघरी पोहोचली. काही महिन्यांतच ताटात जाणाऱ्या प्राण्याला धावायला जागा कशाला, हा त्यामागचा हिशेब.

६/७
पुढे ससा लाडका झाला, पेटी मात्र तीच राहिली. १९८५ साली मॅरिनेल हॅरिमन यांच्या पुस्तकाने सशाला घरात मोकळे ठेवण्याचा विचार लोकप्रिय केला. आज ब्रिटनमधील ससेकल्याण संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर उंच जागा सुचवते, तीही चोवीस तास खुली.

७/७
म्हणून घर निवडताना इतिहासातून निवडून घ्यावे: रोमन भिंतीची सुरक्षितता, इंग्लिश उंचवट्यांवरची खोदण्याची मुभा आणि सोबतीला दुसरा ससा. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी त्यात गार सावलीची भर घालावी. आठ-दहा वर्षे जगू शकणाऱ्या जिवाला काही महिन्यांच्या हिशेबाने बांधलेली पेटी पुरत नाही.